शिमला ते काझा: कुठल्या फाट्यावर वळायचं आणि कुठला फाट्यावर मारायचा?

लिंबूटिंबू

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात हिमाचलात किन्नौर-स्पितीला निघतोय. आम्ही दोघं, आई (वय ६७, बीपीची गोळी चालू, गुडघे स्वेच्छानिवृत्त) आणि अकरा वर्षांचा लेक. चंदीगड ते चंदीगड अकरा दिवस, गाडी भाड्याची, चालकासकट.

एजंटने पाठवलेला कार्यक्रम असा: नारकंडा एक रात्र, सांगला एक, कल्पा एक, तिथून थेट काझा दोन, चंद्रताल एक, मग मनालीत तीन रात्री आराम. मधल्या सगळ्या जागांपुढे एकच शब्दप्रयोग, "वाटेत साइटसीइंग". नकाशा उघडून बसले तर एकही नाव वाटेत नाही! सराहन बाजूला, ग्यू बाजूला, धनकर बाजूला, पिन तर पारच बाजूला. चालकाला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, वो सब रास्ते में नहीं आता."

मग रस्त्यात येतं तरी काय? जाऊन आलेल्यांनी सांगा. सगळं होणार नाही हे कळतंय.

कुळथाचं पिठलं

चालक खरं तेच बोलला. रस्त्यात येते नदी, धूळ आणि वीज प्रकल्पांच्या पाट्या. नाथपा झाकडी १५०० मेगावॅट, पुढे करछम-वांगटू. पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन दिवस खिडकीतून हेच बघितलं आणि म्हटलं, यासाठी एवढा खर्च केला?

यामागे कारण आहे. जुना हिंदुस्तान-तिबेट रस्ता १८५० मध्ये, डलहौसीच्या काळात, खोदायला घेतला तो खेचरांसाठी. तो वरून, गावागावांतून जायचा. आताचा मोटाररस्ता तळातून, सतलजच्या कडेने कातळ फोडून नेलाय. गावं मात्र तिथेच वर राहिली, कारण ऊन वर, सपाटी वर आणि बर्फाच्या ओढ्यांतून पाट काढून आणलेलं पाणीही वरच. म्हणून या वाटेवर बघण्यासारखं जे जे आहे, त्याला फाटा फुटतो. फाटे टाळले की मागे उरतो तो नुसता प्रवास.

आता तुमचा कार्यक्रम. कल्पा ते काझा एका दिवसात म्हणजे दोनशे किलोमीटर, दहा तास, आणि त्यात नाको, ग्यू, ताबो, धनकर सगळं काचेबाहेर. मनालीत तीन रात्री कशाला हव्यात? त्यातल्या दोन इकडे वळवा.

पहिला फाटा ज्यूरीचा. रामपूर सोडल्यावर वीस-बावीस किलोमीटरवर उजवीकडे रस्ता वर चढतो, १७ किलोमीटरवर सराहन. बुशहरच्या राजांची जुनी राजधानी आणि भीमाकालीचं देऊळ. देऊळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं इथे काहीही नाही. लाकडाचे ओंडके आणि दगडाचे थर एकावर एक, मध्ये चुना-सिमेंट नाही, वर पाटीदगडांचं उतरतं छप्पर. भूकंप आला की थर आपापसांत सरकतात, भिंत तडकत नाही. तरी १९०५ च्या भूकंपात जुना मनोरा कललाच. आत जाताना चामड्याच्या वस्तू आणि मोबाइल बाहेर ठेवायचे, डोक्यावर टोपी घालायची. ती तिथेच मिळते, हिरव्या पट्टीची. तुमच्या लेकाला ती काढायला लावणं पुढे अवघड जाईल, आमच्याकडे अजून दारामागच्या खुंटीवर आहे.

सकाळी लवकर उठलात तर समोर श्रीखंड महादेव.

तिरकस

सांगला-चितकुल फाट्यावर मारा. बोललो, आता शिव्या घाला.

रानजाई

@तिरकस, शिव्या नाही, पण कारण द्या. बास्पाचं खोरं किन्नौरमधलं सगळ्यात हिरवं आहे. करछमला सतलजच्या गढूळ पाण्यात बास्पा मिळते तिथून वळलं की पाऊण तासात हवाच बदलते. सप्टेंबरच्या सुरुवातीला ओगल्याची (कुट्टूची) शेतं गुलाबी असतात.

तिरकस

कारण: चितकुलला पोचायला करछमपासून चाळीसेक किलोमीटर, अरुंद रस्ता, समोरून पर्यटकांच्या गाड्यांची रांग. पोचल्यावर "शेवटचं गाव"ची पाटी, "शेवटचा ढाबा"ची पाटी, आणि दोन्हींपुढे फोटोसाठी दुसरी रांग. मॅगी खाऊन तोच रस्ता परत. हा फाटा आहे, पण बंद गल्ली आहे. दोन रात्री असतील तर जरूर जा, आणि राहायचं तर चितकुलच्या अलीकडे रकछमला. लाकडी घरं, नदी, शांतता. एका रात्रीत उरकणार असाल तर तो वेळ ताबोला द्या.

सप्टेंबर म्हणजे सफरचंदांचा हंगाम, हे एजंट सांगत नाहीत. नारकंड्यापासून खाली ट्रकच ट्रक.

रानजाई

रकछमबद्दल +१. बाकी सहमत नाही, पण लिंबूटिंबूंचे दिवस मोजलेले आहेत हे मान्य.

कल्पाबद्दल लिहिते. तिथे दोन रात्री राहाच. पोवारीहून वर फाटा, आधी रेकाँग पिओ (जिल्ह्याचं गाव, पैसे काढायचे ते इथे काढा), मग वळणावळणाने २९६० मीटरवर कल्पा. समोर किन्नर कैलास इतका जवळ की पहिल्या सकाळी मी खिडकी उघडून परत लावून घेतली, उगाच. मुख्य शिखर ६०५० मीटर, त्याच्या शेजारच्या धारेवर एक उभा सुळका दिसतो तो शिवलिंग. दिवसभरात त्याचा रंग पालटतो म्हणतात. आम्हाला राखाडी, मग पिवळट आणि संध्याकाळी तांबूस असे तीन मोजता आले. बाकीचे रंग ढगांनी खाल्ले.

कल्पाच्या रस्त्यांवर चिलगोज्याची झाडं बघा. आपण दुकानात मोजून घेतो तो चिलगोजा, इथे त्याला न्योजा म्हणतात. होमस्टेच्या मावशींनी हिरवं बोंड चुलीच्या कडेला ठेवलं. थोड्या वेळाने खवले उघडले आणि आतून काड्यांसारख्या लांब बिया सुटायला लागल्या. सोलताना बोटांना जो चीक लागला तो साबणाने जाईना. मावशी हसल्या आणि मोहरीचं तेल आणून दिलं. तीन दिवस हाताला देवदाराच्या पेटीसारखा वास होता.

आणि हो, स्वतंत्र भारताचे पहिले मतदार मानले जाणारे श्याम सरन नेगी इथलेच. बर्फामुळे किन्नौरात मतदान आधी घेतलं होतं, त्यांनी २५ ऑक्टोबर १९५१ ला मत दिलं. २०२२ च्या नोव्हेंबरात गेले, १०५ वर्षांचे होऊन. तुमच्या लेकाच्या नागरिकशास्त्राला उपयोगी पडेल.

मागची सीट

मी हे सगळं हिमाचलच्या सरकारी बसने केलंय, त्यामुळे माझे फाटे चालत केलेले. पिओहून सकाळी काझाची बस सुटते, संध्याकाळी पोचते. उजवीकडची खिडकी मागून घ्या असं सगळे सांगतात. मी मागितली आणि दरीकडे बघून पूलगावापर्यंत डोळे मिटून बसलो. गावाचं नाव पूह, पण कंडक्टर म्हणतो तेव्हा पूलच ऐकू येतं.

पूहच्या पुढे खाब. तिबेटातून शिपकी ला खिंडीच्या बाजूने आलेली सतलज आणि उत्तरेकडून आलेली स्पिती इथे भेटतात. दोन कातळांच्या फटीत एक पूल, त्यावरून गाडी गेली की सतलजची संगत सुटते. हिमाचलातलं सगळ्यात उंच शिखर रिओ पुरग्यिल (६८१६ मीटर) याच कोपऱ्यात डोक्यावर असतं, पण पायथ्याशी असल्यामुळे दिसत नाही! मग का गावाजवळची वळणं. हो, गावाचं नाव "का". कंडक्टर ओरडला, "का! का!" मी म्हटलं, उगाच.

वळणं संपली की नाको, ३६६० मीटर. गावात तळं, कडेला विलोची झाडं, अकराव्या शतकातला मातीचा गोंपा (बौद्ध मठ) आणि गल्ल्या इतक्या बुटक्या की पाठीवरची सॅक छपराला घासते. तळं छोटं आहे. फोटोंवर जाऊन मोठ्या अपेक्षा ठेवू नका, गल्ल्यांत हिंडा.

नाकोच्या पुढे मलिंग नाला. सगळा डोंगरच सुट्या दगडांचा. आमच्या बसमधल्या गप्पा तिथे आपोआप थांबल्या. चालकाने काच खाली करून वर बघितलं, गिअर टाकला आणि न थांबता पार केलं. गाडी थांबवून रील काढणारे बघितले की मला त्यांच्या आईवडिलांची काळजी वाटते.

काळा चष्मा

वाचनखूण साठवली. पेट्रोलचं कुणी लिहा.

कुळथाचं पिठलं

@काळा चष्मा, पोवारीला टाकी गच्च भरायची. पुढचा भरवशाचा पंप काझाला, आणि तोही एखाद्या दिवशी कोरडा असतो. रोख पैसे जवळ ठेवा. नेटवर्क गेलं की स्कॅन करून पैसे देणाऱ्याची किंमत शून्य.

आता ग्यू. सुमदोची चौकी ओलांडल्यावर काही वेळाने उजवीकडे फाटा, आठेक किलोमीटर. एका छोट्या खोलीत काचेमागे बसलेली पाचशे वर्षांपूर्वीच्या भिक्षूची ममी, सांघा तेनझिन नावाची. १९७५ च्या जानेवारीतल्या किन्नौरच्या भूकंपात जुना स्तूप ढासळला आणि नंतर ती बाहेर आली. कुठलाही मसाला न लावता, कोरड्या थंडीने टिकलेली. गुडघे छातीशी, हनुवटी खाली, दात दिसतात, डोक्यावर केस आहेत. मुलाला आधी सांगून न्या. आमची पुतणी बाहेर येऊन बराच वेळ गप्प होती, मग विचारलं, "त्याला थंडी वाजत असेल?"

आणि ताबो. यासाठी खरं तर वेगळा धागा हवा. इ.स. ९९६ मध्ये येशे ओ या राजाने बांधवलेला, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ चालू असलेला मठ. बाहेरून बघाल तर मातीचे गोलसर ढिगारे. आपल्या गावाकडच्या धाब्याच्या घरांची आठवण यावी अशा भिंती. "हिमालयातलं अजिंठा" म्हणतात आणि आपण अजिंठा बघितलेली माणसं, म्हणून जरा नाक वर करूनच आत गेलो.

आत अंधार. फोटो घ्यायचे नाहीत, त्यामुळे हात रिकामे. भिक्षूने दार लोटलं तेव्हा आधी फक्त लोण्याच्या दिव्यांचा वास आला. मग डोळे सरावले तसं डाव्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, एक माणूस बसलेला दिसला. मग दुसरा. मग सगळ्या भिंतींवर. मातीच्या, जवळपास माणसाएवढ्या मूर्ती, भिंतीतून अर्ध्या बाहेर आलेल्या, तीसच्या वर, आणि मध्ये चारी दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. त्यांच्याखाली निळ्या-तांबड्या रंगातली चित्रं. विजेरी न्या, पण भिंतीवर रोखून धरू नका, आधी विचारा. अजिंठ्यात आपल्या मागे दुसरी सहल उभी असते. इथे मी पाऊण तास एकटा होतो.

ताबोत एक रात्र तरी काढाच. उंची ३२८० मीटरच आहे, झोप लागते.

उंटावरचा डॉक्टर

पिठलंसाहेबांनी शेवटी जे सहज लिहिलं तेच मुद्द्याचं आहे, म्हणून धागा थांबवतो.

दिवसा किती उंच गेलात याहून रात्री किती उंचीवर झोपलात ते जास्त महत्त्वाचं. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. शिमल्याकडून गेलात तर नारकंडा २७००, कल्पा २९६०, ताबो ३२८०, काझा ३६५०. शिडीच आहे. मनालीकडून गेलात तर २०५० वरून उचलून एकदम चंद्रतालला ४२५० वर तंबूत. तिथे रात्री उलट्या करणारे बहुतेक याच बाजूने आलेले असतात. म्हणून दिशा तुमची बरोबर आहे, घाई चुकीची आहे.

नाकोला मुक्काम नको असं माझं मत. कल्पाहून एकदम सातशे मीटरची उडी होते. नाकोला जेवा, झोपायला ताबोला उतरा. ग्यूला उशीर झाला तर दुसऱ्या सकाळी मागे जाऊन या.

आईंची बीपीची गोळी "उंचीवर आहोत" म्हणून बंद किंवा अर्धी करायची नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल किंवा लघवीची गोळी आधीच चालू असेल तर. डोकं दुखतंय आणि मळमळतंय तर वर जायचं नाही. सरळ रेषेत चालता येत नसेल तर त्याच क्षणी खाली. लसूण, कापूर, कोका ही मंडळी यात काही करत नाहीत.

तिरकस

कापराची पुडी गळ्यात बांधून फिरणाऱ्या आमच्या साडूंना ही पोस्ट पाठवली आहे.

लिंबूटिंबू

बाप रे, एवढं! मनालीच्या दोन रात्री कापल्या. सांगला सध्या बाद (रानजाई, माफ करा). आता काझाच्या आसपासचं सांगा. आईला चढ नको, लेकाला फक्त हिक्कीमचं पोस्ट ऑफिस हवंय.

रानजाई

माफ केलं 😄

लांगझा-हिक्कीम-कोमिक हे त्रिकूट काझाहून अर्ध्या-पाऊण दिवसाचं आहे आणि तिन्हीकडे गाडी जाते, आईंना चढ नाही. हिक्कीमचं टपाल कार्यालय १९८३ पासून आहे, उंची ४४०० मीटर, पिन कोड १७२११४. पिशवी माणूस पायी काझाला नेतो. कार्डं आणि पेन काझातून घेऊन जा आणि पत्ते गाडीतच लिहा, तिथे वाऱ्यात शाई आणि बोटं दोन्ही गोठतात.

लांगझाला मोठी बुद्धमूर्ती आणि मागे चाऊ चाऊ कांग निल्डा शिखर. गावातली मुलं दगड विकायला येतात. काळ्या गोट्याच्या आत चक्राकार शिंपला, म्हणजे हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्रातल्या प्राण्याचा जीवाश्म. आपण देवघरात ठेवतो तो शाळिग्राम हाच.

काळा चष्मा

तिथून दोन आणलेत मी. शंभर-शंभरला. आईने पूजेत ठेवलेत.

मागची सीट

@काळा चष्मा, चिडू नका, पण प्रत्येकाने दोन आणले तर डोंगरात उरेल काय? मुलाच्या तळहातावर बघायचा, फोटो काढायचा, परत द्यायचा. मुलाला काही द्यायचंच तर त्याच्या घरी चहा प्या.

काळा चष्मा

मुद्दा घेतला. शाळिग्राम परत पाठवता येणार नाहीत, आई घरात घेणार नाही.

कुळथाचं पिठलं

ताबोहून काझाला जाताना दोन फाटे. शिचलिंगहून धनकर, सातआठ किलोमीटर. खाली स्पिती आणि पिनचा संगम, वर भुसभुशीत सुळक्यांवर चिकटलेला गोंपा. सतराव्या शतकात ही स्पितीची राजधानी होती. इमारत नाजूक आहे, एका वेळी मोजकीच माणसं वरच्या खोल्यांत सोडतात. तळ्यापर्यंत तासाभराची चढण, ती बापलेकांनी करावी. आईंनी गावात उन्हात बसावं.

दुसरा अत्तरगूच्या पुलावरून पिन खोऱ्यात. माझा लाडका, म्हणून तुमच्या अकरा दिवसांत बसत नसूनही सांगतो. ताबो-धनकर-की हे सगळे मठ तिबेटी बौद्धांच्या गेलुग पंथाचे, पिनवाले न्यिंगमा पंथाचे. गुलिंगवरून कुंग्रीचा मठ, शेवटी मुद गाव. इथली चुमुर्ती घोडी प्रसिद्ध. डोंगर जांभळे, हिरवे, विटकरी पट्ट्यांचे, लहान मुलाने खडूने ओढल्यासारखे. तिथे जाऊन काहीही करायचं नसतं.

आणखी एक. काझाहून लोसरकडे निघताना हमरस्त्याने जाऊ नका. की, किब्बर, मग चिचमचा पूल, आणि चिचमवरून रस्ता क्यातोला हमरस्त्याला मिळतो. हा असा एकच फाटा आहे जिथे तीच वाट परत करावी लागत नाही. पूल २०१७ चा. त्याआधी लोक लोखंडी पाळण्यात बसून दोरावरून ही दरी ओलांडायचे. मधोमध उभं राहून खाली एकदा बघा, मग तो पाळणा डोळ्यांपुढे आणा.

मागची सीट

कुंझुम खिंड (४५५१ मीटर) आणि चंद्रतालचं थोडक्यात. सकाळी निघा. बातल ते ग्राम्फू सुमारे पन्नास किलोमीटर रस्ता म्हणजे गोटे, आणि नाले दुपारी बर्फ वितळून फुगतात. चंद्रतालची पार्किंग तळ्यापासून दूर, पुढे चालायचं. तंबू त्याहून मागे. हवामान फिरलं तर हट्ट करू नका. २०२३ च्या जुलैत, ऐन जुलैत, बर्फ पडून जवळपास तीनशे लोक तिथे अडकले होते.

लिंबूटिंबू

काझाहून लिहितेय. हॉटेलचं वायफाय आहे तोवर पटकन.

पूहच्या पुढे दगड आले, साडेतीन तास थांबलो. पुढच्या ट्रकवाल्याने सफरचंदं वाटली. आईने त्यांना दशम्या दिल्या आणि त्या कशा करायच्या हेही मराठीतून समजावलं. त्यामुळे ताबोला पोचायला अंधार झाला, ग्यू दुसऱ्या दिवशी मागे जाऊन केलं. लेक दोन मिनिटं बघून बाहेर गेला. रात्री मात्र स्वतःच्या हनुवटीखाली गुडघे घेऊन बसून बघत होता, किती वेळ बसता येतं ते.

ताबोच्या आत आई चप्पल काढून खाली बसली ती बसलीच. गुडघ्यांमुळे ती घरीसुद्धा खाली बसत नाही. उठवायला दोघं लागलो. मी विचारलं काय बघत होतीस, तर म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्याचं बोट तुटलंय. कुणी जोडलं नाही इतक्या वर्षांत."

धनकरला चालक कुरकुरत वळला. गावात त्याला त्याच्याच बाजूचा कुणी भेटला, तासभर चहा चालला. काल अत्तरगूचा पूल आला तर गाडी बाजूला घेऊन मलाच विचारतो, "मॅडम, ये वाला फाटा नहीं करना?" फाटा हा शब्द त्याने आईकडून उचललाय. पिनमध्ये दुपारपर्यंत होतो. पिठलंसाहेब, काहीही केलं नाही.

आता खरा प्रश्न. आज हिक्कीमला ढग खाली आले होते, कार्डं टाकली आणि पळालो. रात्री काझाच्या चौकात सांगतायत कुंझुमवर बर्फ पडतोय, उद्या सोडतील याची खात्री नाही. चालक म्हणतो थांबू. डॉक्टर काय म्हणतील ते माहीत आहे. मागे फिरलो, किन्नौरनेच उतरलो तर तीन दिवस हातात राहतात आणि मनाली जाते. एजंटला आत्ताच कळवलं, तो चंद्रतालच्या तंबूचे पैसे परत देणार नाही म्हणतोय. असो.

तीन दिवसांत करछमचा फाटा बसेल ना?

रानजाई

बसेल!!

तिरकस

रकछमला राहा. चितकुलच्या पाटीपुढे आईंचा फोटो काढलात तर मला पाठवू नका.